माझी चौदा हजार पावले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज बोलायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काय बोलणार? जन्मभर मुलींना गणित शिकवले. बेरीज-वजाबाकीवर कोणी भाषण ऐकते का?" त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही सहा महिने स्कॉटलंडला राहून आलात, त्याविषयी सांगा." आता परदेशी जाऊन येणे ही काही नवलाई राहिलेली नाही. समोर बसलेल्यांपैकी निदान दहाजणी तरी मुलामुलींकडे जाऊन आलेल्या आहेत. तेव्हा तिथले किल्ले आणि तळी यांचे वर्णन मी करणार नाही. मी सांगणार आहे ती एका खेळाची आणि एका मोजणीची गोष्ट. तिच्या शेवटी एक कबुली आहे. ती मी माझ्या मुलीपाशी आधीच दिलेली आहे, म्हणून तुमच्यापुढे देताना फारसा संकोच वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी जे घडले ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसांत तुम्ही आळीपाळीने डबे पाठवलेत, रात्री सोबतीला येऊन राहिलात, ते मी विसरलेली नाही. पण हे गेल्यानंतर मी घराबाहेर पडणेच सोडले. वाणसामान घरपोच येई, भाजी दारावर येई, देवदर्शन खिडकीतून कळसाला हात जोडून होई. वर्षभराने डॉक्टरांनी रक्त तपासले. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा निघाला ८.१. डॉक्टर म्हणाले, "बाई, औषध देतो, पण चालायला लागा." मी विचारले, "कुठे?" ते म्हणाले, "कुठेही."

भगिनींनो, तिथेच तर सगळी अडचण होती. आपण बायका जन्मभर चालतो, पण 'कुठेही' कधी चालत नाही. शाळेत चालत जातो, मंडईत जातो, गिरणीत दळण घेऊन जातो, मुलाला बालवाडीत सोडायला जातो. कामाशिवाय चालणे म्हणजे भटकणे, असे लहानपणापासून ऐकलेले. दोन दिवस मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथे उभी राहून मनाशी म्हटले, आता पुढे कशाला? आणि परत आले.

त्याच सुमाराला मुलीने बोलावून घेतले. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फाइफ नावाचा परगणा आहे. तिथे समुद्राकाठच्या एका लहान गावात ती दोघे राहतात. आमच्या जावयांना गोल्फचा नाद. मुलीला त्या खेळाचा तितकाच कंटाळा. पहिल्याच आठवड्यात जावई म्हणाले, "आई, मी संध्याकाळी खेळायला जातो, तुम्ही नुसत्या चालायला चला ना माझ्याबरोबर." जावयाबरोबर एकटीने तीन-चार तास काय बोलायचे, असे मनात आले. पण मुलीने माझ्या मनगटावर एक पावले मोजणारे घड्याळ बांधले आणि म्हणाली, "आई, याच्यातला आकडा माझ्या फोनवर मला दिसतो हं." म्हणजे पहारा बसलाच! मी निमूटपणे बूट चढवले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण लहानपणी गोट्या खेळताना जशी गल खणत होतो, तशा अठरा गली दूर दूर खणलेल्या असतात. एकेक गल ठरलेल्या जागेपासून शे-दीडशे ते पाचशे यार्डांवर असते. काठीने चेंडू मारायचा, चेंडू पडेल तिथपर्यंत चालत जायचे, पुन्हा मारायचा, आणि कमीत कमी फटक्यांत गलीत घालायचा. मग पुढची गल. अठरा झाल्या की एक फेरी पुरी. गली अठराच का, असे मी विचारले. जावई म्हणाले की तिथून जवळच असलेल्या सेंट अँड्र्यूज गावी पूर्वी बावीस गलींची फेरी असे. १७६४ साली तिची अठराची केली, आणि पुढे जगाने तोच पाठ गिरवला. आपल्या देशातही हा खेळ जुना आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा आहे. पुण्याला येरवड्याजवळ आणि मुंबईला चेंबूरला गोल्फची मैदाने आहेत, पण ती सभासदांची. आपण ती रस्त्यावरूनच पाहतो. पुष्कळ ठिकाणी लोक छोट्या विजेच्या गाडीत बसून चेंडूपाठोपाठ फिरतात. आमच्या जावयांना ते मुळीच पसंत नाही. ते म्हणतात, चालायचे नसेल तर कॅरम काय वाईट?

जून महिन्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. पाच वाजता आम्ही निघालो आणि परतायला नऊ वाजले. घरी येऊन घड्याळ पाहिले तर १४,२०० पावले! माझा विश्वास बसेना. कोपऱ्यावरून परत येणारी मी, आणि एका संध्याकाळी चौदा हजार?

गणिताच्या शिक्षिकेला हिशेब तपासल्याशिवाय झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी मी अंगणात टेपाने माप घेऊन शंभर पावले चालून पाहिली. अठ्ठावन्न मीटर भरली. म्हणजे १४,२०० पावलांचे झाले सव्वाआठ किलोमीटर. आता मैदानाच्या छापील पत्रिकेवर अठरा गलींची एकूण लांबी होती ५,६०० यार्ड, म्हणजे पाच किलोमीटरांच्या किंचित वर. मग उरलेले तीन किलोमीटर आले कुठून? काही एका गलीपासून पुढच्या गलीच्या आरंभापर्यंत जाण्यात गेले. आणि बाकीचे? पत्रिकेवरची रेघ सरळ असते, पण जावयांचा चेंडू सरळ जात नाही! तो कधी उजवीकडच्या वाळूच्या खड्ड्यात, कधी डावीकडच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांत. आम्ही दोघे त्याच्यामागे नागमोडी. त्यांचा खेळ चांगला झाला की माझी पावले कमी भरत, आणि खेळ बिघडला की वाढत. खरे सांगते, मी पुढे पुढे मनातल्या मनात झुडपांची बाजू घेऊ लागले.

झुडपांत चेंडू हरवला की तो शोधायला तीन मिनिटे मिळतात. पूर्वी पाच मिळत, २०१९ सालापासून नियमाने तीन केली. तेवढ्यात सापडला नाही तर तो हरवला असे समजायचे, एक फटका दंड घ्यायचा आणि आधीच्या जागेवरून दुसरा चेंडू मारायचा. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी म्हटले, "अहो, आणखी थोडे पाहू या ना, इथेच असेल." जावई घड्याळाकडे पाहून म्हणाले, "आई, मागची माणसे खोळंबतात. शिवाय अजून अकरा गली राहिल्यात." साधेच बोलणे, पण त्या रात्री मला झोप आली नाही. दोन वर्षे मी एकाच झुडपाशी उभी होते. माझ्या मागे मुलगी खोळंबली होती, मुलगा खोळंबला होता. तीन मिनिटांत कोणी कोणाला विसरत नाही, ते कोणी सांगूही नये. पण पुढच्या गली राहिल्या आहेत, हे कोणीतरी सांगावे लागते.

मग आठवड्यातून दोन-तीनदा मी जाऊ लागले. बोलायचे काय ही चिंता फोल ठरली. चेंडू मारताना गप्प उभे राहायचे हा तिथला शिष्टाचार, आणि दोन फटक्यांच्या मध्ये शे-दोनशे पावले बरोबर चालायची. एवढ्या वेळात दोन वाक्ये होतात आणि पुन्हा गप्प. अवघड गोष्टी बोलायला याहून चांगली सोय नाही. ह्यांच्या शेवटच्या आजाराविषयी मी मुलीशी बोलू शकले नव्हते. ते जावयांशी बोलले, तेही थोडे थोडे, सातव्या गलीपासून बाराव्या गलीपर्यंत.

एके दिवशी मात्र घोटाळा झाला. जावयांची काठ्यांची पिशवी दोन चाकांच्या ढकलगाडीवर असते; तिथे तिला ट्रॉली म्हणतात. मी म्हटले, आज मी ढकलते. तेच मैदान, त्याच अठरा गली, आणि घरी येऊन पाहते तो पावले फक्त ८,९००! मुलगी म्हणाली, "आई, आज अर्ध्यातून परत आलात का?" मी विचार केला आणि पुढच्या खेपेला ट्रॉली ढकलताना घड्याळ मनगटावरून काढून पायमोज्यात खोचले. पुन्हा चौदा हजार भरली! तेव्हा उलगडा झाला. ते घड्याळ पाय मोजत नाही, ते हाताचा हेलकावा मोजते. हात ट्रॉलीच्या दांड्यावर स्थिर असला की त्याच्या लेखी तुम्ही उभ्या आहात. म्हणजे बाळाची गाडी ढकलणारी आई किंवा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून येणारी बाई या घड्याळाच्या हिशेबात पुरती धरलीच जात नाही. उलट, मी पोळ्या लाटत असताना त्याने जागच्या जागी तीनशे पावले माझ्या खात्यावर जमा केली! तेव्हा तुमच्यापैकी कोणाकडे असे घड्याळ असेल तर एवढे लक्षात ठेवा: गाडी ढकलताना ते खिशात किंवा पायाशी ठेवावे, आणि स्वयंपाक करताना काढून ठेवावे.

दहा हजार पावलांचा जो मंत्र आपण ऐकतो त्याचाही मी शोध घेतला. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. लक्षात राहील असा गोल आकडा होता, तो जगभर पसरला. पुढे अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या सोळा हजारांवर स्त्रियांची पावले मोजून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांत त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पावले वाढत गेली तसा फायदा वाढला आणि ७,५०० च्या आसपास स्थिरावला. आता जी बाई धडधाकट असते ती जास्त चालते हेही खरे, म्हणून सगळे श्रेय चालण्याला देता येणार नाही. पण ज्या भगिनी 'दहा हजार आपल्याला कुठे जमणार' म्हणून पहिले पाऊलच टाकत नाहीत, त्यांनी एवढे ऐकावे की चार हजारही वाया जात नाहीत. गोल्फपुरते बोलायचे तर २०२३ साली फिनलंडमध्ये पासष्टीपुढच्या पंचवीस खेळाडूंची पाहणी झाली. चालत खेळलेल्या अठरा गलींच्या फेरीने त्यांच्या रक्तातील साखरेवर आणि चरबीवर चांगला परिणाम झालेला दिसला.

एका रविवारी मुलीने सेंट अँड्र्यूजला नेले. तिथले सर्वांत जुने मैदान रविवारी खेळाला बंद असते आणि गावकरी त्यावर मुलेबाळे, कुत्री घेऊन फिरतात. जगभरचे खेळाडू जिथे खेळायला नंबर लावतात तिथे मी शाल पांघरून फिरून आले. जवळच एक उंचसखल हिरवळ आहे, तिला नाव काय, तर 'हिमालय'! दोन हात उंचीचा तो हिमालय. तिथे चार पैसे देऊन कोणालाही चेंडू हळूच गलीत ढकलण्याचा खेळ खेळता येतो. ती जागा १८६७ साली स्थापन झालेल्या बायकांच्या क्लबाची. त्या काळी काठी खांद्यावर उंच फिरवणे बायकांना शोभत नाही अशी समजूत होती, म्हणून त्यांनी आपला हा लहान खेळ मांडला. पलीकडच्या दगडी इमारतीत पुरुषांचा नामांकित क्लब आहे. तो १७५४ सालचा. त्याने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव केला २०१४ च्या सप्टेंबरात. वजाबाकी करून पाहा, दोनशे साठ वर्षे होतात! आपल्याकडच्या सासुरवाशिणीला उंबरा ओलांडायला वेळ लागला म्हणून आपण उगीच लाजतो. मी त्या हिमालयावर दोन चेंडू गलीत घातले आणि फोटो काढून घेतला.

सहा महिन्यांनी परतले तेव्हा साखर ६.९ वर आली होती. डॉक्टर खूश, मुलगी खूश. आणि आता ती कबुली.

इथे आले आणि पुढे पावसाळा लागला. साताऱ्याचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. जावई नाहीत, गली नाहीत, बाहेर चिखल. एका दिवशी पावले झाली अकराशे. रात्री मुलीचा फोन: "आई, बरं नाही का? पडलात का कुठे?" तिच्या आवाजातली भीती ऐकून माझे मन कळवळले. पूर्वी मुलगी सासरी गेली की आई तिच्या खुशालीच्या पत्राची वाट पाही. आता माझी खुशाली तिला माझ्या पावलांनी कळत होती. तिला काळजी नको म्हणून मी दुसऱ्या दिवशी काय केले असेल? टीव्हीवर मालिका पाहत खुर्चीत बसले आणि घड्याळाचा हात मागे-पुढे हलवत राहिले. तासाभरात चार हजार पावले! मुलीचा निरोप आला: "शाब्बास, आई." असे मी अडीच महिने केले. जन्मभर कॉपी करणाऱ्या मुलींचे कान धरले, आणि सदुसष्टाव्या वर्षी स्वतः कॉपी केली.

ऑक्टोबरात रक्त तपासले. साखर ७.८. मुलीने डॉक्टरांचा कागद पाहिला आणि ती गोंधळून म्हणाली, "आई, इतकं चालूनही कशी वाढली? आपण आणखी तपासण्या करू. मी रजा टाकून येते." तेव्हा मात्र राहवले नाही. फोनवरच सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटले रागावली. मग म्हणाली, "आई, मला आकडा नको होता हो. तुम्ही घराबाहेर पडताय एवढंच मला हवं होतं."

त्या रात्री मी पुन्हा हिशेबाला बसले. तिकडे मी चालत होते आणि इथे का थांबले? घड्याळ तर दोन्हीकडे तेच होते. मग ध्यानात आले की चौदा हजार पावले मी कधी चाललेच नव्हते. मी दरवेळी फक्त पुढच्या गलीपर्यंत चालले होते. चारशे-पाचशे पावले, मग थोडे थांबणे, मग पुन्हा पुढची गल. शिवाय बरोबर माणूस होते. 'कुठेही' चाला म्हटले की पाय उचलत नाही. 'तिथपर्यंत' चला म्हटले की उचलतो.

म्हणून मी आपल्या गावात अठरा गली ठरवल्या. पहिली कोपऱ्यावरचा पिंपळ, दुसरी पिठाची गिरणी, तिसरी पोस्ट, चौथी वाचनालय. अशा करत मोती चौक, राजवाडा, गोलबाग घेऊन परत घर. प्रत्येक ठिकाणी काही ना काही करायचे: पिंपळाला हात लावायचा, वाचनालयात वर्तमानपत्राचा मथळा वाचायचा, एखाद्या दारात उभ्याउभ्या खुशाली विचारायची. पावसात निम्म्या गली करायच्या. गोल्फमध्येही नऊ गलींची फेरी चालते. पहिल्या महिन्यात मी एकटी होते. मग समोरच्या काकू आल्या, मग त्यांच्या जाऊबाई. आज आम्ही पाचजणी आहोत. काकूंच्या गुडघ्याला त्रास आहे, म्हणून त्या सहा गलीच करतात आणि सातव्या गलीपाशी, म्हणजे देवळाच्या पायरीवर, आमची वाट पाहतात. घड्याळ माझ्या हातात अजून आहे. परवाचा आकडा ६,३००. एकूण एक पाऊल खरे आहे, ही खात्री मी तुम्हांला देते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण दरवर्षी सहल काढतो, भोंडला करतो, पाककृतींची स्पर्धा घेतो. यंदा प्रत्येक आळीने आपापल्या अठरा गली ठरवाव्यात, म्हणजे ज्या भगिनी माझ्यासारख्या खिडकीशी बसून आहेत, त्यांच्या दारालाही एक गल करता येईल. कोणी तिथे थांबले, तर कदाचित त्या पुढच्या गलीपर्यंत सोबत येतील. ज्यांना हृदयाचा किंवा गुडघ्यांचा विकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, बूट चांगले घ्यावेत, आणि उन्हातान्हात धाडस करू नये.

जावयांना मी हे सगळे कळवले. त्यांचे उत्तर आले: "आई, तुमच्या मैदानावर झुडपे नाहीत, तेव्हा चेंडू हरवायची भीती नाही." मी लिहिले, "चेंडूच नाही, तर हरवणार काय? माणसे मात्र सापडतात."

उद्या सकाळी साडेसहाला मी पिंपळापाशी उभी आहे. तीन मिनिटे वाट पाहीन, नियमाप्रमाणे, तुमच्यासाठी पाच.